पांढरीवरच्या सात फुल्या

“किल्ल्या काढ,” साहेब म्हणाले.

हैबती मुकादमानं करगोट्याच्या किल्ल्या सोडून दगडावर ठेवल्या.

“डबी.”

चुन्याची डबीही ठेवली.

“आता चाल.”

हैबती काठी धरून दहा पावलं चालला. साहेबांनी गळ्यात अडकवलेल्या यंत्राच्या पेटीकडे पाहिलं आणि मान हलवली. “अजून काहीतरी आहे तुझ्याजवळ.”

“साहेब, आता धोतर तेवढं ऱ्हायलंय,” हैबती म्हणाला. आम्ही बाया तोंडाला पदर लावून हसलो.

यंत्राची काठी धरणाऱ्याच्या अंगावर लोखंड चालत नव्हतं, आणि ते निघालं वहाणांत. दोन्ही टाचांना सात-सात खिळे होते. वहाणा काढून चालायला लावलं, तर हैबतीच्या तळपायाला कुरूप. दोन पावलांत तो खाली बसला. मग साहेब पाट्या घेऊन उभ्या असलेल्या आम्हा बायांकडे वळले. एकीच्या झंपराला तीन पिना, दुसरीच्या केसांत आकडे, तिसरीच्या गळ्यात लोखंडी पेटीचा ताईत. माझ्यापाशी आले आणि म्हणाले, “तुझ्या अंगावर काय आहे?”

“काही नाही,” मी म्हणाले.

हैबती पुढे होऊन हळूच बोलला, “साहेब, ठकूचा मालक गेला श्रावणात. विहिरीवर सुरुंग उडाला, त्यात. तिच्या अंगावर काय असणार.”

साहेब ओशाळले. त्यांनी काठी माझ्या हातात दिली.

साहेबांचं नाव ओझरकर. पुण्याहून आले होते. आमच्या गावाच्या नदीकाठी राखेसारख्या मातीचं एक टेकाड आहे, त्याला आम्ही पांढरी म्हणतो. त्याच्या पोटात तीन हजार वर्षांपूर्वीचं गाव आहे, असं साहेबांचं म्हणणं. टेकाड रंगराव पाटलांच्या मालकीचं. पांढरी माती टाकली की चोपण जमीन सुधारते, म्हणून पाटील ते ट्रॅक्टरनं उचलून उसाच्या रानात पसरणार होते. मधल्या मध्ये साहेबांना आठ दिवस मिळाले. आठ दिवसांत नकाशा करायचा. नकाशात साहेब जेवढ्या भागाभोवती लाल रेघ ओढतील तेवढा पाटलांनी सोडायचा, बाकीचा ट्रॅक्टरला. ट्रॅक्टर रविवारी येणार हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

“खणायचं नाही,” साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. “खणायला वेळ नाही, म्हणूनच हे यंत्र आणलंय.”

टेकाडावर सुतळीच्या चौकटी आखल्या होत्या आणि सुतळीला हातभर-हातभर अंतरावर गाठी होत्या. काठी लाकडाची, तिला गुडघ्याच्या उंचीवर बाटलीसारखा डबा बांधलेला. त्यातून निघालेली तार मागे दहा पावलांवर साहेबांच्या पेटीत जायची. मी गाठीवर काठी टेकवून स्तब्ध उभी राहायची. पेटीत आकडा उमटला की साहेब तो मोठ्यानं वाचत आणि वहीत लिहीत. आकडा लांबलचक असे, पण ते शेवटचे तीनच वाचायचे. “चारशे बारा. चाल. चारशे दहा. चाल. चारशे चौदा.” मला तेव्हा एकही अक्षर येत नव्हतं. आकडे मी कानांनी शिकले.

दोन दिवस पश्चिमेची बाजू झाली. तिथे आकडा हळूहळू चढायचा आणि हळूहळू उतरायचा. साहेब खुशीत होते. “खाली चुली आहेत, जळालेल्या भिंती आहेत,” ते सांगायचे. “भाजलेली माती अशीच कळते. चढण असते तिला.”

तिसऱ्या दिवशी आम्ही उगवतीच्या उताराला लागलो. दुसऱ्याच ओळीत साहेब थबकले. “पाचशे अकरा. थांब. परत टेकव.” परत तेच. त्यांनी वहीत फुली मारली.

“काय आहे, साहेब?”

“लोखंड. काट्यासारखा आकडा वर येतो ना, ते लोखंडच. त्या जुन्या लोकांकडे लोखंड नव्हतं. हे आजचं. कुणाचा तरी खिळा, नाल, विळा.”

विळा म्हटल्यावर माझ्या हातातली काठी गाठीवरून सरकली.

“काठी हलवू नको,” साहेब म्हणाले.

आता इथे मला मागचं सांगितलं पाहिजे. त्याच साली वैशाखात मला मुलगी झाली होती. नवव्या दिवशी गेली. बारसं व्हायचं होतं, म्हणून तिला नाव नव्हतं. तिची नाळ कापलेला विळा माझ्या उशाशी ठेवलेला असे. बाळंतिणीपाशी लोखंड ठेवतात तसा. मी खोलीत पडून होते. नवऱ्यानं तिला फडक्यात गुंडाळून नेलं. संध्याकाळी उशाशी हात घातला तर विळाही नव्हता. लहान पोराला जाळत नाहीत, पुरतात, आणि सोबत काहीतरी लोखंड ठेवतात, म्हणजे त्याच्या वाटेला काही जात नाही. पण कुठे पुरलं ते आईला सांगायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. आईचा जीव तिथे अडकला तर पुढचं पोर टिकत नाही म्हणतात. मी फार मागे लागले तेव्हा नवरा एवढंच म्हणाला, “पांढरीवर हाय. उन्हाळा सरू दे, मग दाखवीन.” उन्हाळा सरला, पावसाळा लागला आणि तो विहिरीत गेला.

सुतक फिटल्यावर मी सासूला विचारलं होतं. ती म्हणाली, “असलं इचारू नये, पोरी. पुढच्या लेकराला बाधतं.”

“आता कुठलं पुढचं लेकरू, आत्या?”

ती म्हणाली, “मला ठाऊक असतं तर सांगितलं असतं. ज्याचं त्यालाच ठाऊक असतं. बाप्ये कुणी बोलत न्हाईत.”

म्हणजे जगात जागा ठाऊक असलेला एकच माणूस होता आणि तो गेला होता. आता साहेबांच्या वहीत एक फुली उमटली होती.

चौथ्या दिवशी दुपारपर्यंत फुल्या सात झाल्या. सातही उगवतीच्या उतारावरच्या दोन चौकटींत. जेवणाच्या सुट्टीत मी साहेबांपाशी गेले. ते बाभळीखाली भाकरी खात होते.

“साहेब, यातला विळा कोणता ते यंत्राला कळतं का?”

ते हसले. “यंत्राला लोखंड कळतं, ठकूबाई. विळा की खिळा ते त्याला कळत नाही.”

“आकडा मोठा असला तर?”

“तर लोखंड मोठं, नाहीतर वरवर पुरलेलं. का गं? हरवलाय का तुझा विळा?”

“हो,” मी म्हणाले. “या बाजूला लाल रेघ येईल ना, साहेब?”

“इथे कशाला? गाव सगळं पश्चिमेला आहे. इकडे नुसतं मोडकं लोखंड. ही माती जाऊ दे पाटलांच्या उसाला.”

ते ज्वारीचा शेवटचा घास खात होते. त्यांच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. मी हैबतीकडे गेले. तो पंचा तोंडावर घेऊन पडला होता.

“मुकादम, या उतारावर काय पुरलंय?”

तो पंच्याखालूनच बोलला, “जे बाप्यांनी पुरायचं ते. तोंड उघडू नको, ठके. काम जाईल तुझं, आणि साहेबाचं बी.”

साहेबांना सांगावं असं मला वाटलं नाही असं नाही. पण जे नवऱ्यानं बायकोला सांगायचं नाही, ते परक्या माणसाला मोठ्यानं कसं सांगायचं, ते माझ्या जिभेवर येईना. आणि रविवारला तीन दिवस उरले होते. माझी लेक उसाच्या सरीत पसरली जाणार होती, आणि मीच पाटी घेऊन त्या रानात खुरपायला जाणार होते.

त्या दिवशी संध्याकाळी साहेब वैतागून म्हणाले, “काल दुपारपासून बॅटरी उतरली होती. या दोन चौकटी उद्या परत घ्याव्या लागतील.”

घराच्या वाटेवर पाटलांच्या मोडक्या गाडीचा सांगाडा पडलेला होता. चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला घालतात ती खीळ त्यात अजून होती; वीतभर लांब, अंगठ्याहून जाड. ती मी काढून घेतली आणि सकाळी निऱ्यांच्या आत, कमरेला बांधली.

पहिल्याच ओळीत मला खुबी कळली. काठी अंगाशी धरली की आकडा चढायचा, हात लांब केला की उतरायचा. साहेबांनीच शिकवलं होतं, भाजलेल्या मातीला चढण असते. मी पाचव्या गाठीपर्यंत हात पार लांब ठेवला. तिथून हळूहळू काठी जवळ घेतली आणि पंधराव्या गाठीपासून हळूहळू पुन्हा लांब केली. मागून साहेबांचा आवाज यायला लागला. “चारशे वीस. चाल. चारशे एकोणतीस. चाल. अरे वा. चारशे चाळीस.” दोन्ही चौकटींच्या सगळ्या ओळी मी तशाच चालले. खीळ चालताना पोटाला बोचत होती. मी नीट, सुतळीवरच्या गाठी मोजून, माझ्या लेकीवर घर बांधत होते.

शुक्रवारी सकाळी साहेबांनी मला हाक मारून कागद दाखवला. पेन्सिलीच्या रेघांवर रेघा होत्या.

“हे बघ. घर आहे. चांगलं मोठं, चौकोनी. काल नीट आकडे मिळाले म्हणून कळलं. तुझ्या हाताला यश आहे, ठकूबाई.”

“मग लाल रेघ?”

“येणारच. पण इतकं सरळ भिंतींचं घर मी या नदीकाठी पाहिलेलं नाही. उद्या एक खड्डा घेऊ, हातभर रुंद. खात्री करून घेतो.”

“तुम्ही म्हणाला होता खणायचं नाही.”

“अगं, एकच खड्डा.”

त्यांनी खुंटी ठोकली ती घराच्या बरोबर मध्यावर. चौथी फुली तिथून हातभरही नव्हती.

मी दिवसभर बाटलीतलं पाणी देत फिरले, पण कुणाला काय दिलं ते आठवत नाही. मी काही केलं नसतं तर ट्रॅक्टर येणार होता. मी केलं, तर कुदळ आली. आणि ती कुदळ मी बोलावली होती.

शनिवारी ऊन वर आल्यावर साहेबांनी हैबतीला खुंटीपाशी उभं केलं. हैबतीनं तंबाखू मळली. मळून झाली तरी मळतच राहिला.

“हैबती, चल.”

“साहेब, हितली माती कच्ची हाय.”

“तीन हजार वर्षांची माती कच्ची कशी असेल? हाण.”

हैबतीनं माझ्याकडे पाहिलं. मग कुदळ उचलली. ती त्याच्या डोक्यावर गेली तेव्हा मी जाऊन खुंटीवर बसले.

“ठके, ऊठ,” हैबती म्हणाला. कुदळ तशीच वर होती.

मी कमरेची गाठ सोडली, खीळ काढली आणि साहेबांच्या पायाशी ठेवली.

“हे तुमचं घर,” मी म्हणाले.

साहेबांना आधी कळलं नाही. त्यांनी खीळ उचलली, काठीपाशी नेली, पेटीत पाहिलं, लांब नेली, परत पाहिलं. त्यांचा चेहरा उतरत गेला. आठ दिवसांतला सातवा दिवस होता तो.

“कुणी सांगितलं तुला हे करायला? पाटलांनी?”

“कुणी नाही.”

“मग का?”

मी सांगितलं. विळा, नववा दिवस, विहीर, सगळं. मोठ्यानं पहिल्यांदाच बोलत होते, आणि ते इतकं थोडं निघालं की मलाच नवल वाटलं. पाट्या घेतलेल्या बाया जवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांतली एक खाली बसली, मग दुसरी बसली.

हैबतीनं कुदळ खाली ठेवली. “साहेब, सातही फुल्या तशाच समजा. त्यातलं एक माझ्या हातनं ठेवलंय. दुसऱ्याचं होतं, पण माझ्या हातनं.”

साहेबांनी खीळ खाली ठेवली. मग त्यांनी खिशातून रबर काढलं आणि मांडीवर नकाशा घेऊन माझं घर खोडायला लागले. तोवर मला वाटत होतं की ते ठेवतील.

“साहेब, राहू द्या ना. कुणाला कळणार आहे?”

“मला,” ते म्हणाले. “ठकूबाई, नसलेलं घर मला कागदावर ठेवता येत नाही. ते ठेवलं तर उद्या माझ्या खऱ्या घरांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. आणि आताच्या मुलांसाठी लाल रेघ ओढायचा अधिकार मला नाही. आमचं काम जुन्या माणसांपुरतं.”

“मग आमचं कुणी बघायचं?”

त्यांनी नकाशा बाजूला ठेवला. वहीचं एक पान फाडलं, त्यावर उतार काढला, बाभूळ काढली, बाभळीपासूनची पावलं टिपली आणि सात फुल्या मारल्या. प्रत्येक फुलीखाली बारीक काहीतरी लिहिलं. “हे ठेव,” म्हणाले. “पाटलांशी बोलून बघ. मीही बोलतो.”

ते बोलले. पाटील म्हणाले, “साहेब, त्याची माती कवाच झाली. मातीला काय नाव असतं?”

दुपारी हैबती माझ्या मागोमाग ओढ्यापर्यंत आला. “पाटलीणबाईकडं जा,” तो म्हणाला. “मागच्या दारानं. कागद दाखव. माझं नाव घेऊ नको.”

अनसूयाबाई पाटलीण परसात तूर निवडत होत्या. मी पायरीखाली उभी राहिले आणि कागद पुढे धरला.

“काय गं ठके? मला कुठं वाचता येतंय?”

“वाचायचं न्हाई, वैनीसाहेब. ह्या फुल्या म्हंजे पोरं हैत. पांढरीच्या उगवतीच्या अंगाला. उद्या ट्रॅक्टर तिथंच लागणार.”

त्यांचा हात सुपातल्या तुरीवर तसाच राहिला.

“असलं दारात बोलू नये,” त्या म्हणाल्या.

“मग कुठं बोलायचं?”

“कुठंच न्हाई. मला सासूनं तेच सांगितलं, तुला तुझ्या सासूनं. जा तू.” त्यांनी सूप उचललं, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज मी ऐकला.

रविवारी सकाळी मी पांढरीवर गेले तेव्हा सुतळ्या गुंडाळलेल्या होत्या. खुंट्या उपटल्या होत्या आणि उतार परत पहिल्यासारखा मोकळा, निनावी झाला होता. साहेबांची जीप खाली उभी होती. गावाच्या बाजूनं ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

मी नदीतून ओटीत सात धोंडे आणले. बाभळीला पाठ लावून कागद धरला, पण पावलं किती ते मला वाचता येईना. साहेब खालून पाहत होते. ते वर आले, माझ्या हातातून कागद घेतला आणि म्हणाले, “अकरा पावलं सरळ. आता डावीकडे चार. ठेव.”

असे आम्ही सात धोंडे ठेवले. शेवटचा ठेवला तेव्हा ट्रॅक्टर टेकाडाच्या पायथ्याशी आला होता. पाटील काठी टेकत पुढे आले.

“साहेब, तुमचं काम संपलं ना? मग ही दगडं कशाला मांडलीत? ठके, हो बाजूला.”

मी बाजूला झाले नाही, पण मला माहीत होतं, दोन माणसांनी दंडाला धरलं की मी होणार. माझ्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात पाटील माझ्या मागे बघायला लागले. मी वळले. पाटलीणबाई नदीच्या वाटेनं चढून येत होत्या. डोक्यावरून पदर, पाय अनवाणी. गावात कुणी त्यांना चालत इतक्या लांब आलेलं पाहिलं नव्हतं.

“तू हितं कशाला?” पाटील म्हणाले.

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. धोंड्यांवरून नजर फिरवली आणि साहेबांना विचारलं, “साहेब, ह्यातलं माझं कोणतं?”

साहेबांनी हात जोडले. “बाई, यंत्राला ते कळत नाही.”

ट्रॅक्टर धडधडत होता. मग हैबती पुढे आला. त्यानं खिळ्यांच्या वहाणा काढल्या आणि कुरपाच्या पायानं, लंगडत, बाभळीपासून दुसऱ्या धोंड्यापाशी जाऊन उभा राहिला.

“वैनीसाहेब, हे.”

“तू ठेवलंस?”

“मालकांनी सांगितलं तवा मी गडी होतो तुमच्याकडं. धान्याच्या पेवाचं कुलूप ठेवलं होतं संगं. बावीस वर्सं झाली.”

“ते कुलूप मी घरभर हुडकलं होतं,” पाटलीणबाई म्हणाल्या, आणि खाली बसल्या. धोंड्याच्या बाजूची माती त्यांनी तळहातानं सारखी केली, जशी चुलीपुढची राख सारखी करावी.

पाटील नदीकडे तोंड करून उभे होते. बऱ्याच वेळानं त्यांनी मागे न बघताच ड्रायव्हरला हातानं खूण केली. ट्रॅक्टर बंद झाला. त्या शांततेत पाटलीणबाईंनी मला विचारलं, “तुझं कोणतं गं?”

“ठाऊक न्हाई. ज्याला ठाऊक होतं तो गेला.”

त्यांनी उरलेल्या धोंड्यांकडे एकेक करून पाहिलं.

“मग ही सहाही तुझी,” त्या म्हणाल्या.

तो उतार अजून तसाच आहे. पश्चिमेला लाल रेघेच्या जागी सरकारी तारेचं कुंपण आलं. उगवतीला कुंपण नाही, पण तिथे कुणी फावडं लावत नाही.

साहेबांचा कागद मी पत्र्याच्या पेटीत ठेवला होता. फुल्यांखाली त्यांनी काय लिहिलं असेल याचा मी पुष्कळ वर्षं विचार करत होते. मला वाटायचं, नावं असतील. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात बसले, आधी माझं नाव लिहायला शिकले, मग आकडे, आणि एक दिवस तो कागद उलगडून वाचला. नावं नव्हती. साहेबांनी फक्त यंत्राचे आकडे लिहिले होते, जसे त्या दिवसांत वाचले होते तसे; सगळ्यांत मोठा पाचशे अकरा.

लोखंड मोठं, नाहीतर वरवर पुरलेलं, असं ते म्हणाले होते. नवऱ्यानं फार खोल खणलं नसेल. त्याचा हात त्या दिवशी चालला नसेल. म्हणून मी गेले की पाचशे अकरापाशी आधी बसते. मग उरलेल्या पाचांपाशीही बसते, तेवढाच वेळ.